डावा टीव्ही, उजवा टीव्ही

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या घराच्या तळघरात दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडलेले होते. डाव्याला एक जुना व्हीसीआर जोडलेला होता आणि त्यावर ऐंशीच्या दशकातले व्यावसायिक फुटबॉलचे सामने चालत. उजव्यावर त्या रविवारचा चालू सामना. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. चेंडू बगलेत धरून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं करायचं. आवाज एकाच टीव्हीचा असे. कुठल्या, हे घरमालक ठरवत, आणि ते नेहमी डाव्याचाच ठरवत.

घरमालकांना सगळे काका म्हणत. सत्तरच्या दशकात ते गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. मी जवळच्याच नोव्हाय गावात राहते. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं बातम्या कापल्यावर नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आले. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांत अंकासाठी ‘तेव्हाचा फुटबॉल आणि आताचा’ असा लेख कुणीतरी लिहायला हवा होता. फुटबॉल कळणारे सगळे व्यग्र होते, त्यामुळे तो माझ्याकडे आला. काका या विषयातले अधिकारी मानले जात. म्हणून त्या हिवाळ्यात मी काही रविवार त्यांच्या तळघरात काढले.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तेव्हा पुरुष खेळायचे, आता वकील खेळतात. आता कुणाला जरा जोरात लागलं की पंच पिवळा रुमाल फेकतो, खेळ थांबतो, मग पंच पडद्यात डोकं घालून तीच धडक चार बाजूंनी बघतो आणि निकाल वाचून दाखवतो. चेंडू फेकणाऱ्याला तर हातही लावायची चोरी. तेव्हा असलं काही नव्हतं. तेव्हा खेळाडू उन्हाळ्यात दुसरी नोकरी करून घर चालवायचे आणि थंडीत एकमेकांची हाडं मोडायचे.

“आणि बर्फात खेळायचे,” काका म्हणत. “मी स्वतः पाहिलंय. गुडघाभर बर्फ!”

आमच्या इकडचा संघ काका आले त्यानंतर थोड्याच काळात छताखाली खेळू लागला होता आणि अजूनही छताखालीच खेळतो. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. काकांनी थोडा विचार केला आणि बर्फ पार्किंगमध्ये असल्याचं मान्य केलं. तिथून आत चालत जाणंही तेव्हा सोपं नव्हतं, असं त्यांनी जोडलं.

रविवारच्या मंडळींत नागपूरचा एक तरुण होता. नोव्हायच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, व्हिसावर. त्याचा स्वतःचा फोनमधला संघ होता. खरे खेळाडू त्यात नावापुरते भरलेले, आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण याला. त्यामुळे सामना कोण जिंकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसे. डाव्या टीव्हीकडे तो अधूनमधून सहानुभूतीने बघायचा. तिथे बहुतेक वेळा एक जण चेंडू घेऊन माणसांच्या ढिगात शिरे, पंच ढीग उपसत, आणि तोच माणूस पुन्हा त्याच ढिगात शिरे.

“काका, ही तर यार रेशनची लाइन आहे.”

“तुला काय कळणार! तुला चेंडू विमानासारखा उडालेला दिसला पाहिजे.”

“आणि हल्ली टीव्हीवर मैदानात आखून दाखवतात ती पिवळी रेघ पण नाही तुमच्याकडे. कुठपर्यंत पळायचं हे त्याला कळत कसं होतं?”

“त्याला कळायचं. तुला कळत नाही.”

काकांचा दुसरा मुद्दा जाहिरातींचा. उजव्या टीव्हीवर दर थोड्या वेळाने कुणीतरी ट्रक किंवा पिझ्झा विकत असे, किंवा पैज लावायला सांगत असे. डाव्यावर एकही जाहिरात येत नसे; खेळ सुरू झाला की संपेपर्यंत अखंड. ‘पूर्वी जाहिराती फारशा नसत’ हे वाक्य मी लेखात घातलं होतं. पुरावा डोळ्यांसमोर होता.

तिसरा मुद्दा हा मुख्य मुद्दा होता. तेव्हाचा माणूस पडला तरी उठायचा. यासाठी काकांकडे एक खास टेप होती. दुसऱ्या कुठल्यातरी शहरातला उघड्या मैदानावरचा सामना. एक जण चेंडू घेऊन पळतो, समोरून दुसरा डोकं खाली घालून येतो, आणि दोन शिरस्त्राणं एकमेकांवर अशी आदळतात की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. चेंडूवाला उताणा पडतो. पुढच्या क्षणी तो रांगेत उभा असतो, गुडघ्यांवर हात ठेवून, पुढच्या डावाला तयार.

“पडला, उठला, उभा!” काका म्हणत. “आता काय होतं? डॉक्टर येतो, मैदानाकडेच्या तंबूत नेतो, बोटं किती म्हणून विचारतो. याला विचारलं कुणी?”

‘पडला, उठला, उभा’ हे त्या घरात मंत्रासारखं होतं. काकांची नात ते अमेरिकन उच्चारांत म्हणायची. ती नववीत होती आणि डाव्या टीव्हीसमोर शेवटपर्यंत बसणारी घरातली एकमेव व्यक्ती. तिची आई, म्हणजे काकांची मुलगी, इथेच जन्मलेली, वकील. ती तळघराच्या पायऱ्याही उतरत नसे.

या नातीला शाळेच्या संघातून खेळायचं होतं. मुलींच्या वेगळ्या संघातून नाही, आडवं पाडायच्या खऱ्या फुटबॉलच्या. शाळेची हरकत नव्हती. तिच्याआधी एक-दोन मुली खेळून गेल्या होत्या. पुढच्या मोसमासाठीचा हिवाळी सराव सुरू होणार होता आणि सोमवारी नाव द्यायचं होतं. आईने भांडण टाळण्यासाठी निर्णय वर ढकलला होता: आजोबांना विचार, ते हो म्हणाले तर मी मध्ये पडणार नाही. आजोबा काय म्हणणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आईलाही नसावी.

त्या रविवारी ती शाळेच्या संघाचा स्वेटशर्ट घालूनच आली.

“सो, आजोबा? मी मॉमला काय सांगू?”

“सांगू, सांगू,” काका म्हणाले. “आधी ती टेप बघू.” ते खुशीत होते. होकार द्यायच्या आधी त्यांना थोडा समारंभ हवा होता.

काकू साबुदाणा वडे घेऊन खाली आल्या आणि ताट ठेवून तिथेच टेकल्या. एरवी त्या थांबत नसत. नातीचा निर्णय होता म्हणून थांबल्या असाव्यात. टेप सुरू झाली. चेंडूवाला पळाला, दुसरा आला, शिरस्त्राणं आदळली. चित्र जरा थरथरलं आणि चेंडूवाला रांगेत उभा राहिला.

“पडला, उठला, उभा,” आजोबा आणि नात एकदम म्हणाले.

“काका, टेप खराब झाली तुमची,” नागपूरकर तोंडात वडा ठेवून म्हणाला. “नेमकी इथेच जंप होते. डिजिटल करून घ्या, मी देतो करून.”

“टेपला काही झालेलं नाही,” काकू म्हणाल्या. “ते मी पॉज केलं होतं.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. “का?”

“का म्हणजे? माणूस पडला होता. तो उठेपर्यंत काय बघायचं? टेप फुकट जाते.”

मग सगळं बाहेर आलं, आणि त्यात लपवलेलं काहीच नव्हतं. त्या काळात कारखान्यात काकांना बहुतेक रविवारी ड्युटी असे. सामने काकू टेप करून ठेवत आणि काका रात्री घरी येऊन बघत. कोऱ्या टेपा महाग होत्या. काकांची सूचना होती, खेळ थांबला की टेप थांबव. काकू वायरवाला रिमोट मांडीवर घेऊन बसत, समोर निवडायला भाजी. जाहिरात आली, दाबलं. कुणी पडलं, दाबलं. खेळ सुरू झाला की पुन्हा दाबलं.

काकांचा अख्खा भूतकाळ काकूंनी संपादित केलेला होता. डेस्कवर इतकं स्वच्छ काम करणारे फार लोक मला भेटले नाहीत. लेखातली दोन वाक्यं मी तिथेच खोडली.

“आजी, हाउ लाँग वॉज ही डाउन?” नातीने विचारलं.

“हा? बराच वेळ. मी वर जाऊन कुकर बंद करून आले, तरी तिथेच होता. मग दोघांनी धरून नेलं त्याला. पाय ओढत होता बिचारा.”

“अगं पण उभा आहे ना तो!” काकांनी पडद्याकडे बोट केलं. “हा काय!”

“तो हा नाही हो. त्याच्या जागी दुसरा आला. पाठीवरचा आकडा बघा ना.”

काकांनी टेप मागे घेतली. पडणाऱ्याचा दोन आकडी नंबर फिकट पण दिसत होता. पुढे घेतली. उभ्या असलेल्याचा पहिला आकडा तोच होता, दुसरा नव्हता. शिरस्त्राणात सगळे सारखेच दिसतात. काकांनी पुन्हा मागे घेतली, पुन्हा पुढे. नागपूरकराने दुसरा वडा उचललेला हात तसाच ठेवला होता.

“तू मला कधी बोलली नाहीस,” काका म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत? तुम्हाला थांबलेला खेळ नको होता. मी काढून टाकला.”

“उठायचे बहुतेक सगळे. स्टेडियममध्ये मी स्वतः पाहिलंय.”

“स्टेडियममध्ये कुणी पडलं की तुम्ही पॉपकॉर्नच्या रांगेत. तेव्हा गर्दी कमी असते म्हणून. मीच एकटी बसायचे बघत.”

काकांनी उजव्या टीव्हीकडे हात केला. निदान आता तरी सगळं दाखवतात, असं काहीसं ते म्हणू लागले. वास्तविक उजव्या टीव्हीची बाजू घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. तिथे नेमका एक खेळाडू आडवा पडला होता आणि उठत नव्हता. कॅमेरा क्षणभर त्याच्यावर राहिला, आणि एक ट्रक डोंगर चढू लागला.

“हे बघा,” काकू म्हणाल्या, “हेही टेप वाचवतायत.”

दोन ट्रक आणि एक पिझ्झा संपल्यावर सामना परत आला तेव्हा मैदान मोकळं होतं. पडद्याखालच्या पट्टीने एका ओळीत तो तंबूत गेल्याचं सांगितलं आणि सामना पुढच्या डावाकडे वळला. नागपूरकर फोनवर बोटं चालवत होता.

“माझा होता यार,” तो म्हणाला. “काढला. बेंचवर एक आहे बरा.”

तेव्हा आणि आता यातला फरक त्या दिवशी माझ्यापुरता इतका उरला की पूर्वी हे काम घरी करावं लागे. लेखात हे वाक्य घालता आलं नाही. अंक सणाचा होता.

नात मात्र मूळ विषय विसरली नव्हती. स्वेटशर्टाच्या बाह्या तिने तळहातांवर ओढून घेतल्या होत्या.

“ओके, सो. येस ऑर नो?”

काकांनी डावा टीव्ही बंद केला. “तू पडलीस तर काय करशील?”

“आय’ल गेट अप.”

“आणि उठवत नसेल तर?”

“आय’ल गेट अप, आजोबा.” तिने ते बढाई मारत म्हटलं नाही. पत्ता विचारल्यावर घराचा नंबर सांगावा तसं म्हटलं.

“कोच बाहेर काढतो ना पण? नियम आहेत आता,” काका म्हणाले. “डोक्याला लागलं तर त्या दिवशी परत जाता येत नाही. बरोबर ना?”

“इफ दे सी इट,” नात म्हणाली. “तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणार? यू जस्ट स्टँड देअर.” आणि तिने गुडघ्यांवर हात ठेवून उभं राहून दाखवलं. अगदी टेपमधल्यासारखं.

काकू वड्यांचं ताट उचलता उचलता थांबल्या.

“नाही,” काका म्हणाले.

“व्हॉट?”

“आईला सांग, आजोबा नाही म्हणाले.”

ती हसली, थट्टा असेल म्हणून. मग काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नागपूरकराला अचानक घरी जायचं आठवलं. तो “काका, निघतो” म्हणून जिना चढून गेला. थट्टा नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला, आणि ती मराठीत बोलू लागली. त्या मुलीला एवढं सलग मराठी बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“मग मला हे सगळं दाखवलं कशाला? मी लहान होते तेव्हापासून दाखवताय. दर रविवारी. माझ्या फ्रेंड्सच्या घरी नाही गेले मी, इथे आले. तुम्हीच म्हणता ना, आताचे लोक घाबरतात. आणि आता तुम्हीच घाबरता. कशाला दाखवलं?”

काकांकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला एक सामना असे. त्यांनी रिमोट सोफ्यावर ठेवला.

“एकट्याला बघायला कंटाळा यायचा,” ते म्हणाले.

बाहेर तिच्या आईची गाडी ड्राइव्हवेत आल्याचा आवाज आला. काकू ताट घेऊन वर गेल्या. त्यांना आपल्या मुलीला डब्यात वडे भरून द्यायचे होते. उजव्या टीव्हीवर सामना मुका चालू होता आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“पुढच्या वर्षी मी तुम्हाला विचारणार नाहीये,” नात म्हणाली. “मॉमला विचारेन. डायरेक्ट.”

“नको विचारूस.”

“आणि ती हो म्हणेल.”

“म्हणेल कदाचित.” काकांनी चष्मा काढून पुसला. “मॅचला येऊ देशील ना पण? मी पॉपकॉर्नला उठणार नाही.”

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिच्या आईला एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं नसतं आणि होही म्हणायचं नसतं तेव्हा आई जे म्हणते, तेच नात म्हणाली.

“वी’ल सी.”

आणि बूट घालायला वर गेली.