वनमाला मॅडमचं फुकटचं पुस्तक

वनमाला मॅडमनी पुस्तक केलं, ही त्यांची पहिली चूक. ते फुकट ठेवलं, ही दुसरी. आमच्याकडे पहिली माफ होते.

वडवणीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या सिव्हिलच्या पोरांना तुळई का वाकते ते शिकवतात. परदेशातल्या एका विद्यापीठाचं पुस्तक इंटरनेटवर खुलं होतं: कोणीही वाचा, उतरवा, बदला, फक्त विकू नका. मॅडमनी ते मराठीत आणलं. मूळ पुस्तकात छपरावर बर्फ साचत होता. वडवणीत बर्फ रसवंतीवर मिळतो. मॅडमनी छप्पर काढून तिथे उसाची टायरगाडी उभी केली आणि तिचा आस कुठे मोडेल ते विचारलं. निम्म्या वर्गाने तो मोडताना पाहिलेला.

विभागप्रमुख बद्रीनाथ सरांचंही पुस्तक होतं. गाइड. कॉलेजच्याच काउंटरवर मिळे. ते विकत घेतल्याशिवाय जर्नलवर सरांची सही नाही, सहीशिवाय परीक्षा नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचीही सोय नव्हती.

करिष्मा दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीच्या टोळीत गेली होती. फडाकडेच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मोबाईलवर मॅडमचं पुस्तक वाचून जर्नल पुरं करून आली.

"पुस्तक दाखव," सर म्हणाले.

तिनं मोबाईल पुढे केला.

"ह्यो मोबाईल हाय. पुस्तकावर किंमत असती."

मॅडम शेजारीच होत्या. "ते फुकट आहे, सर."

"तेच म्हणतो मी. फुकट हाय म्हंजी कायतरी खोट असणार. लोक फुकटचा प्रसाद बी हुंगून घेतेत, मॅडम."

"खोट दाखवा. पान सांगा."

"वाचायला येळ कुणाला हाय?"

एवढं मात्र सर खरं बोलले. प्राचार्यांनी ही विभागाची अंतर्गत बाब ठरवली आणि चहा मागवला. जर्नल सहीविनाच राहिलं.

मग तपासणी समिती यायची ठरली. मुक्त शैक्षणिक साधनं वापरणाऱ्या कॉलेजाला वेगळे गुण होते. सरांना रातोरात मॅडमच्या पुस्तकाचा अभिमान वाटू लागला. दारावर फलक लागला. गरिबी एरवी कॉलेजच्या अंगणात अडचण करते. तपासणीच्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवतात. करिष्माला तिथे बसवलं.

"बाळ, या पुस्तकाचा उपयोग झाला का?" समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं.

"लई झाला, सर. पण त्याच्यावर सही भेटत न्हाई. आमी परीक्षेला बसायचं का न्हाई, तेवढं सांगा."

"पोरगी गमतीची हाय," सर हसले. दुसरं कोणी हसलं नाही.

मॅडम उठल्या. करिष्माचं जर्नल घेऊन त्यांनी सरांसमोर आपटलं. वर पेन ठेवलं.

"करा. साहेब बघतायत."

सरांनी केली. मागच्या बाकावरचा अजिनाथ उठला, मग सगळा वर्ग जर्नलं घेऊन रांगेत उभा राहिला. समितीचा चहा निवला तरी सर सह्या करतच होते.

कॉलेजला पूर्ण गुण मिळाले. पुढच्या सत्रात मॅडमना तुळईऐवजी संवादकौशल्य शिकवायला दिलं. तेवढंच त्यांच्याकडे कमी आहे, असं ठरलं. काउंटरवर गाइडचे नवे गठ्ठे आले.

"झालं ते झालं, मॅडम," एका सहकाऱ्याने समजूत घातली.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्गाच्या सह्या राहिल्यात."