आकडीच्या टोकाशी दादा

माझा मोठा भाऊ नौदलातून निवृत्त होऊन जालन्याला परतला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा प्लॉट घेईल, घर बांधेल. दादानं आणली शिडाची होडी. जुनी, फायबरची, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. टेम्पोत घालून ती भोकरदनकडच्या तलावावर नेताना आम्ही पिंपळगाव रेणुकाईत चहाला थांबलो, तर माणसं उठून बघायला आली. "समुद्र लई लांब राह्यला साहेब," एकजण म्हणाला. दादा हसत टेम्पोत चढला.

पुढं त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात अधूच राहिला. होडी एकट्याला जमेना. वहिनी पाण्याला घाबरतात, म्हणून रविवारी मी त्याच्याबरोबर जायला लागले. शिडातलं मला काही कळत नव्हतं. माझ्याकडं काम एकच होतं, बांबूची आकडी सांभाळायची.

चिंचा पाडायला असते तशीच ती. लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडा. आकड्याचं टोक दादानं एमआयडीसीतल्या वेल्डरकडून गोल करून घेतलं होतं, म्हणजे कुणाला टोचू नये. होडीच्या आत, उजव्या कडेला सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे होते. त्यात ती अडकवायची, आकडा मागं, मूठ पुढं. तिच्यावर पिशवी ठेवलेली त्याला बिलकुल चालत नसे. "डोळे मिटून हाताला लागली पाहिजे," म्हणायचा. तलाव आटला की बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर यायचे. त्यांना पाय लावायचा नाही, आकडीनं ढकलायचं. परत येताना होडी बांधायचा तरंगता डबा आकडीनं ओढून घ्यायचा. एवढं मला जमायला लागलं होतं.

हिवाळ्यातली दुपार होती. आम्ही परत येत होतो. डबा समोर दिसत होता आणि शीड उतरवायला दादा उभा राहिला. तेवढ्यात वारा फिरला. शिडाची आडवी काठी सपकन आली ती त्याच्या खांद्यावर, आणि दादा पाण्यात.

"दोर सोड!" पाण्यातून तो ओरडला. मी शिडाचा दोर सोडला. शीड फडफडत राहिलं, होडी मंदावली, पण वारा तिला त्याच्यापासून दूर नेत होता. आकडी हाताला लागली. मी वाकून ती लांबवली आणि त्याच्या लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यात आकडा अडकवला. जवळ ओढलं. तोपर्यंत सगळं बरोबर झालं होतं.

पण त्याला वर घेता येईना. उजव्या हातानं त्यानं कड धरली, जोर लावला, तशी होडी त्याच्या बाजूला कलली आणि पाणी आत आलं. "नको नको, पलटी होईल," म्हणत त्यानं हात काढला. त्याच्यात निम्मीच ताकद होती, माझ्यात तर नव्हतीच. मी होडीच्या तळाशी गुडघे टेकून आकडी दोन्ही हातांनी धरून बसले. मोबाईल पिशवीत, पिशवी पुढं. हात सोडावा तरच फोन करता येणार.

काठावर दोघं जण पाणी उपसायच्या मोटारीजवळ काही करत होते. मी हाका मारल्या. मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यातल्या एकानं वर बघितलं आणि हात हलवला. त्याला वाटलं, आम्ही मजा करतोय.

दादाचे ओठ काळेनिळे पडले होते. "काहीतरी बोल ना," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीपण बोल."

त्यानं तोंडात गेलेलं पाणी थुंकलं. मग म्हणाला, "सोड तू. जॅकेट हाय मला. तरंगतो बराबर."

"न्हाई सोडणार."

"हात दुखत असतील गं."

दुखत नव्हते. हातच कळत नव्हते. त्याचं डोकं एका बाजूला कलायचं, मी हाक मारली की तो डोळे उघडायचा. वारा आम्हा दोघांना नेईल तिकडं जायचं, याखेरीज माझ्या हाती काही नव्हतं. दहावीत मला बसवून गणित शिकवणारा हा माणूस माझ्यापासून एका बांबूच्या अंतरावर होता, आणि मी नुसती त्याच्याकडं बघत होते.

शेवटी होडी पलीकडच्या काठाजवळ बुंध्यांमध्ये अडकली. दादाचे पाय चिखलाला लागले, पण उभं राहता येईना. आता मात्र मोटारीजवळचे दोघं काहीतरी ओळखून बांधावरून पळत आले. छातीभर पाण्यात उतरून त्यांनी त्याला काखेत धरून बाहेर काढलं. "ताई, सोडा ती काठी आता, सोडा," एकजण मला सांगत होता. माझी बोटं उघडत नव्हती. त्यानंच एकेक करून सोडवली.

जालन्याला दवाखान्यात दादाला न्यूमोनिया निघाला, पण तो बरा होऊन घरी आला. होडी काठावर पालथी घालून ठेवली. मी त्याला सांगून टाकलं, "मी आता येणार न्हाई." तो भांडेल म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो नुसता "बरं" म्हणाला.

झटक्यानंतर वर्षभर तो शर्टाची बटणं एका हातानं लावायचा, पाऊण तास लागला तरी कुणाला हात लावू द्यायचा नाही. परवा मी गेले, तर अंगणात खुर्चीवर बसला होता, शर्ट उघडा. मला बघून तो उभा राहिला आणि हनुवटी वर करून थांबला. मी बटणं लावली.