यंत्र सैल, ऐकणारा ठणठणीत

आदरणीय भागचंदजींशी माझा पहिला परिचय भांडणातून झाला, हे मी त्यांच्या पंच्याहत्तरीचा गौरवअंक काढणाऱ्या समितीला आधीच सांगून ठेवलं होतं. समिती म्हणाली, "चालेल बाई, पण शब्द जपून वापरा." तेव्हा जपूनच लिहिते. पुढेमागे एखादा शब्द निसटला तर तो माझ्या पदरात घाला, समितीच्या नको.

कॅसेटचा जमाना होता. मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला मी नुकतीच जालन्याला आले होते. गावच्या साप्ताहिकात भागचंदजी नव्या चित्रपटांच्या गाण्यांवर 'कानावर आलं' हे सदर लिहीत. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान. सकाळ-संध्याकाळ साड्या आणि ब्लाउजपीस विकायचे, आणि दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की गल्ल्याशेजारच्या टेपवर गाणी ऐकायची, असा त्यांचा क्रम होता. त्या आठवड्यात एका नव्या हिंदी गाण्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं की, लय धीरगंभीर आहे आणि या नव्या गायकाचा खर्जातला भारदस्त आवाज ऐकून चित्त शांत होतं. ते गाणं मी ऐकलेलं होतं. अहो, ते नाचाचं गाणं! आणि गायक कुठला आलाय, गायिका होती!

शाळा सुटल्यावर तडक दुकान गाठलं. भागचंदजी कापड मोजत होते. मी पायरीवरूनच विचारलं, "तुम्ही ते गाणं ऐकलं तरी होतं का?"

"बराबर ऐकलं. चार डाव ऐकलं," ते म्हणाले. "तुम्ही शाळेतल्या नव्या बाई ना? या, बसा. आधी चहा, मंग भांडण."

चहा झाला. त्यांनी टेप लावला, आणि काय सांगू, खरोखरच कोणी एक पोक्त गृहस्थ अगदी संथपणे कुणाची तरी विनवणी करत होते. मी टेप उघडायला लावला. आतला रबरी पट्टा सैल पडून यंत्र रेंगाळत फिरत होतं. त्यानं बाईचा पुरुष केला होता आणि नाचाचं भजन. कॅसेटच्या कव्हरवरचं नाव वाचलं असतं तरी उलगडा झाला असता. पण आधी कान, मग कव्हर, हा भागचंदजींचा नियम. "नाव वाचलं की कान लाचार होतो, बाई," असं ते तेव्हा म्हणाले आणि अजूनही म्हणतात.

मला वाटलं, आता पुढच्या अंकात दिलगिरी येईल. पुढच्या अंकात आलं ते असं : "मागच्या आठवड्यात मी जे गाणं ऐकलं ते उत्तमच होतं. नंतर पट्टा बदलून ऐकलं, ते मला तितकं आवडलं नाही. माझं मत कायम आहे, बदल गाण्यात झाला आहे." मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्याच मजकुराच्या डोक्यावर त्यांनी एक ओळ छापायला लावली होती : "यंत्र : सैल. ऐकणारा : ठणठणीत." त्या दिवसापासून ती ओळ सदराला कायमची चिकटली. आपण कशावर ऐकलं आणि कोणत्या अवस्थेत ऐकलं, हे आधी सांगितल्याशिवाय त्यांनी कुठल्याही गाण्याबद्दल तोंड उघडलं नाही.

ही ओळ म्हणजे आमच्या गावाची करमणूक होती. "यंत्र : ठीक. ऐकणारा : दाढ दुखून राह्यली." "यंत्र : ठीक. ऐकणारा : पर्युषणात उपाशी, गोड गाण्यांबद्दल या आठवड्यात विश्वास ठेवू नये." लोक गाणी नंतर वाचायचे, ही ओळ आधी. "ऐकणारा : घरात अबोला" असं एकदा छापून आलं, तेव्हा भाभींची, म्हणजे भागचंदजींच्या सौभाग्यवतींची, माहेरची माणसं केदारखेड्याहून जीप करून आली होती. भाभी आजही म्हणतात, "आमचं भांडण घरात मिटायच्या आधी छापखान्यात जायचं."

भागचंदजींच्या आवडीनिवडी कधी लपलेल्या नव्हत्या. ढोलक वाजली की ते विरघळत, कारण त्यांच्या मातोश्री लग्नघरी बायकांच्या गाण्यात ढोलक वाजवत. आणि गाण्यात टाळ्या आल्या की ते गाणं मेलंच म्हणून समजा. का? तर दुकानात गिऱ्हाईक टाळी वाजवून बोलावतं. "गाण्यात टाळी वाजली की मी उठून उभा राहतो, बाई. उभ्यानं का गाणं ऐकावं माणसानं?" आता हे काय समीक्षेचं कारण झालं? मी चिडायचे. रसग्रहण म्हणजे स्वर, ताल, चाल, शब्द. त्यात समीक्षकाची आई आणि समीक्षकाचं गिऱ्हाईक कुठून आलं? मी संपादकांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "मग तुम्हीच लिहा की शेजारी." अशी मी त्या पानावर आले. डाव्या हाताला भागचंदजी, उजव्या हाताला मी.

माझा पहिला लेख मी त्यांना वाचून दाखवला. राग कोणता, ठेका कोणता, अंतऱ्यात चाल कुठे वळते, सगळं होतं. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "एक नंबर. बिलकुल चूक न्हाई. पण बाई, तुम्हाला आवडलं का?"

खरं सांगते, मला आठवेचना. मी ते गाणं इतकं तपासलं होतं की ऐकायचं राहूनच गेलं होतं. भागचंदजी हसले नाहीत. त्यांनी टेप पुन्हा लावला आणि स्वतः उठून गोदामात गेले, मला एकटीला ऐकता यावं म्हणून. त्या दुपारपासून मी त्यांना गुरू मानते. भांडण मात्र सोडलेलं नाही.

त्यांच्या या हट्टी मताचा उपयोग काय, हे मला कुंभार पिंपळगावच्या एका बँडवाल्यांनी समजावलं. हे गृहस्थ एकदा पेढे घेऊन दुकानात आले. म्हणाले, "शेठ, तुमच्यामुळं सीझन बरा गेला." मी म्हटलं, "यांनी सुचवलेली गाणी वाजवता वाटतं?" ते म्हणाले, "न्हाई ओ बाई! शेठनी ज्याला टाळ्या हायेत म्हणून शिव्या घातल्या, तेच गाणं आम्ही आधी बसवतो. वरातीत तेच चालतं. शेठचं कधी चुकत न्हाई." भागचंदजींना राग यावा ना? ते पेढा खात म्हणाले, "पाहा. नावड खरी असली की दुसऱ्याच्याही कामी येते." निःपक्षपाती लिहिणारी मी, मला कोणी पेढे आणून दिल्याचं आठवत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, मी संभाजीनगरला दवाखान्यात अडकलेली. लेख कुठला सुचतोय? उजवी बाजू रिकामी जाणार म्हणून मी संपादकांची माफी मागितली. पण अंक आला तर माझी जागा भरलेली! भागचंदजींनी लिहिलं होतं : "ऐकणारी : आज येथे नाही. त्या असत्या तर दुसऱ्या अंतऱ्यात सूर घसरला म्हणून त्यांनी संगीतकाराला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मला तो घसरलेला सूर गोड वाटला, परंतु ही जागा बाईंची असल्यामुळे मी येथे नाराजी नोंदवत आहे." मी ते ह्यांना वाचून दाखवलं. हे टाके सांभाळत हसले, आणि ऑपरेशननंतरचं ते त्यांचं पहिलं हसू. मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नव्हते. आज छापून दाखवते.

आणि आता जे लिहू नका असं भागचंदजींनी समितीला बजावलं होतं, ते लिहिते. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी सदर बंद केलं. ऐकू कमी येऊ लागलं, मुलानं कानाचं यंत्र बसवून आणलं, आणि यांनी संपादकांना निरोप धाडला की डावी बाजू आता दुसऱ्या कोणाला द्या. आठवड्यामागून आठवडे गेले. लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "शेठची तब्येत कशी आहे? काही छापून आलं नाही." भाभी एकदा दबक्या आवाजात म्हणाल्या, "दुपारी नुसते बसून असतात. गाणी ऐकायच्या मोबाइलला हात लावत नाहीत. मला भीती वाटते, बाई."

मी पुन्हा तडक दुकान गाठलं. यावेळी चहाच्या आधीच भांडण काढलं.

"का बंद केलं?"

"कान माझे न्हाई राह्यले, बाई. यंत्राचे झाले. ढोलक पत्र्यावानी वाजून राह्यली." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आईची ढोलक हाय ती. परक्याच्या कानानं कसं मत देऊ?"

मला भरून आलं, पण मला मऊ बोलता येत नाही. मी म्हटलं, "भागचंदजी, सैल पट्ट्यावर तुम्ही बाईचा पुरुष केलात, नाचाचं भजन केलंत. सगळं गाव हसलं, मी येऊन भांडले, पण तुम्ही मागे हटला नाहीत. यंत्र सैल, पण ऐकणारा ठणठणीत, असं तुम्हीच छापलंत ना? मग आज यंत्र टेपातून निघून कानात गेलं, एवढंच झालंय. ते परकं, आणि तो टेप काय तुमच्या सोयऱ्यांचा होता?"

तेवढ्यात एक बाई अस्तर मागायला आल्या, भागचंदजींनी त्यांना अस्तर फाडून दिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जा बाई तुम्ही. गिऱ्हाईकाचा टाइम हाय." मी उठले. काम बिघडवलं असंच वाटत होतं.

त्या आठवड्याचा अंक उघडला, आणि डाव्या हाताला ते होते. "यंत्र : नवं, कानात. ऐकणारा : पंच्याहत्तरीचा, थोडा घाबरलेला. ढोलक पत्र्यासारखी ऐकू आली, तरी ओळखली. मग टाळ्या सुरू झाल्या. पूर्वी टाळी वाजली की मी उठून उभा राहायचो. आता या यंत्रातून कोणी थेट कानात भाकरी थापल्यासारखं वाटतं. गाणं अजिबात आवडलं नाही." खाली कितीतरी दिवसांनी त्यांचं नाव. मी तो अंक हातात धरून ह्यांना हाका मारत घरभर फिरले. संध्याकाळी कुंभार पिंपळगावहून फोन आला. बँडवाले विचारत होते, "बाई, शेठनी कोणत्या गाण्याला शिव्या घातल्या, त्याचं नाव नीट सांगा. उद्यापासून बसवायला घेतो."

भागचंदजी, सत्काराच्या दिवशी तो बँड सभागृहाच्या दारात उभा असणार आहे आणि तेच गाणं वाजवणार आहे. टाळ्यांसकट. ही समितीची नव्हे, माझी योजना आहे. आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. भाभींची साथ आणि आपली नावड, दोन्ही अशाच शाबूत राहोत. एवढीच विनंती आहे की, दारात यंत्र काढून खिशात ठेवू नका. उठून उभे राहिलात तरी चालेल, त्या दिवशी आम्हीही सगळे आपल्यासाठी उभेच असू.