वाघदरीतल्या बावीस रिबिनी

मुकबोंग डोंगराच्या पायथ्याशी माझं टोफूचं हॉटेल आहे. एकतीस वर्षं झाली. ज्या वर्षी मी चूल मांडली, त्याच वर्षी तक जोंगदे नावाचा पोरगा राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर रक्षक म्हणून लागला. मी टोफू करपवत होते आणि तो लोकांना परत पाठवताना तोतरा बोलायचा. पुढे दोघंही सुधारलो. मला तो वहिनी म्हणायचा आणि आमच्या ह्यांना दोकसूदादा.

उजाडायच्या आत तो वर निघालेला असायचा. लाकडी पायऱ्यांवरची ओली पानं झाडायचा, प्रत्येक दोर ओढून बघायचा, हललेला खिळा ठोकायचा. आठच्या सुमाराला फाटकावर यायचा आणि हातातल्या मोजणीच्या यंत्रावर आत जाणारा एकेक माणूस मोजायचा. संध्याकाळी उतरणारा एकेक मोजायचा. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. जुळले की माझ्याकडे येऊन म्हणायचा, "चला वहिनी, आकडा जुळला. डोंगर रिकामा." मग बटाट्याची धिरडी खायचा.

माणूस गोड होता, पण सवलत कुणाला नाही. सोलहून बसा भरून गिर्यारोहण मंडळं येतात. साठीच्या पुढची मंडळी, जांभळी-लाल जाकिटं, आणि प्रत्येक जण कसला ना कसला पदाधिकारी.

"अध्यक्षसाहेब, बाटलीत काय आहे?"

"पाणी."

"पांढरं कसं?"

"आमच्या गावचं पाणी पांढरंच असतं हो!"

"मग ते गावातच शोभतं. इथं ठेवा, उतरताना न्या. आणि टोपी नीट घाला, नाक लाल दिसतंय."

ह्या मंडळांना एक खोड आहे. मागून येणाऱ्यांना वाट सापडावी म्हणून ती झाडांना मंडळाच्या नावाच्या रिबिनी बांधत जातात. चालू वाटेवर बांधल्या तर एक वेळ ठीक, पण ती वाघदरीतही बांधायची. वाघदरीची वाट नऊ वर्षांपूर्वी दरड कोसळून बंद झाली. तिथे आजही पाऊस पडला की माती सरकते. रिबीन दिसली की लोक मेंढरांसारखे मागे जातात, म्हणून जोंगदे दर आठवड्याला जाऊन त्या कापायचा.

कापायची त्याची एक पद्धत होती. आधी शेवटच्या रिबिनीपर्यंत चालत जायचं, आत कुणी नाही ना बघायचं, आणि मग परत येताना कापायच्या. "जाताना कापली," तो म्हणायचा, "तर आतल्या माणसाची परतीची वाट मीच कापली की."

कापलेल्या रिबिनींची पिशवी तो मला आणून द्यायचा. मी त्यांनी मुळ्याचा पाला बांधून वळचणीला सुकत टाकायची. बुसानचं मंडळ, देगूचं मंडळ, सगळी माझ्या पाल्यावर फडफडत असायची.

आता माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. गेल्या दोन वर्षांत आमचे हे विसरायला लागले होते. चप्पल कुठे, जेवलो का, आज वार कोणता. मात्र शरद लागला की पाइनखालची अळंबी काढायला वाघदरीत जायचं, हे विसरले नाहीत. त्यांचा जन्मच त्या दरीतला, कोळसेवाल्यांच्या वस्तीतला. बंदी आहे, अळंबी काढणं गुन्हा आहे, हे मी शंभरदा सांगितलं. दार लावलं तर खिडकीतून गेले. शेवटी मीच हरले. पाल्याला बांधलेल्या जोंगदेच्याच रिबिनी सोडवून त्यांच्या खिशात भरल्या. म्हटलं, "जाताना बांधत जा, येताना बघत या. आणि रिबीन दिसली नाही तर जागचं हलायचं नाही." दोनदा गेले, दोनदा धड आले. मला वाटलं, मी मोठी शहाणी.

तो शनिवार होता, पानं रंगायचा ऐन हंगाम. आमचे हे पहाटेच गेले होते. आमच्याकडे ऊन होतं, पण दहाच्या सुमाराला ओढ्याचं पाणी चहासारखं लाल झालं. वर कुठेतरी पाऊस लागला होता. ओढ्याचा आवाज वाढायच्या ऐवजी दबला, म्हणजे वर माती सरकून पाणी अडलं होतं. मी भांडी घासता घासता थांबले आणि दरीकडे बघत राहिले. तरी कुणाला बोलले नाही. काय बोलणार?

अकराला जोरदार पावसाचा इशारा आला आणि भोंगा वाजला. इशारा आला की डोंगर रिकामा करायचा, हा नियम. जोंगदेनं सहाशे माणसं खाली आणली. अध्यक्ष भांडले, कप्तान भांडले, एक बाई शिखरावर फोटो काढल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसली. तिला तो म्हणाला, "ताई, शिखर पळून जात नाही. तुम्ही घसरलात तर मात्र तुम्ही जाल." ती उतरली.

दोनच्या आधी तो माझ्याकडे आला. भिजलेला, दमलेला, पण खूष.

"चला वहिनी, आकडा जुळला. डोंगर रिकामा."

आणि त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. "सकाळी वाघदरीत पुन्हा मिळाल्या. बावीस. आज मात्र जाता जाताच कापल्या हो. फाटकावरून वायरलेसवर बोलावणं आलं, चाळीस बसा लागल्या म्हणून. अर्ध्यातून फिरलो. शिट्टी फुंकली, कुणी ओ दिली नाही."

आमच्या ह्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानंही कमीच.

मी पिशवीत बघितलं. रिबिनी आखूड होत्या. एकदा कापलेल्या पुन्हा कापल्या की आखूड होतात. त्यांना मुळ्याच्या पाल्याचा वास येत होता.

मी लगेच बोलायला हवं होतं. मी त्याला चहा ओतला. सातूचा चहा, एक पेला. तो फुंकून फुंकून प्यायला आणि मी हिशोब करत उभी राहिले. दंड होईल, गावात नाव जाईल, ह्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू. तो पेला संपेपर्यंत मी गप्प राहिले. त्या पेल्याचं पाप माझ्या डोक्यावर आहे.

मग म्हटलं, "जोंगदे, आमचे हे आत आहेत."

त्यानं पेला खाली ठेवला. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "रिबीन नसली तर थांबा म्हणून सांगितलंय?"

"सांगितलंय. पण राहतं का त्यांच्या लक्षात?"

"मग ते कापलेल्या जागेच्या पलीकडे उभे असतील. वाट बघत." तो उठला. वायरलेसवर बचावपथकाला बोलला. बसांच्या गर्दीत रस्ता तुंबला होता, दीड तास लागेल म्हणाले.

"इशारा असताना एकट्यानं आत जायचं नाही हा तुझाच नियम ना?" मी त्याची बाही धरली.

"जाताना कापायच्या नाहीत हाही माझाच होता," तो म्हणाला. पिशवी पट्ट्यात खोचली. "परत बांधत जातो. मी पोचलो नाही तरी दादांना रिबिनी दिसतील. धिरडी झाकून ठेवा."

तो वळणावर दिसेनासा झाला आणि पाऊस आमच्यावर आला.

अर्ध्या तासानं मागचं दार वाजलं. आमचे हे उभे होते. भिजून चिंब, हातात नेच्याच्या पानात गुंडाळलेली अळंबी. रिबिनी दिसल्या नाहीत म्हणून ते थांबले नव्हते. रिबिनींचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. लहानपणी कोळशाची पोती घेऊन ज्या वाटेनं उतरायचे, त्या दुसऱ्याच वाटेनं पाय आपोआप चालत आले होते. "रस्सा वाढ, भूक लागली," म्हणाले.

मी तशीच अनवाणी फाटकाकडे धावले. वायरलेसवर जोंगदेला हाका घातल्या. त्या पावसात दरीत वायरलेस लागेना, नुसती खरखर येत होती. भोंगा वाजवला, सगळ्यांनी शिट्ट्या फुंकल्या. पावसात आम्हालाच आमचं ऐकू येईना.

बचावपथक गेलं तेव्हा रिबिनी बांधलेल्या सापडल्या. नीट, डोळ्यांच्या उंचीवर, सुटणार नाही अशा गाठी. सतरा. त्यापुढे झाड नव्हतं, वाट नव्हती, ओली माती होती. तो दोन दिवसांनी खाली ओढ्यात सापडला. पट्ट्यातल्या पिशवीत पाच शिल्लक होत्या.

मी चौकीत जाऊन सगळं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "आजी, घरी जा." कुणी मला काही केलं नाही. ह्याचाच राग येतो.

आमचे हे आता बाहेर जात नाहीत. दोन वाजले की दाराशी खुर्ची घेऊन बसतात आणि फाटकाकडे बघतात. फाटकावर नवा माणूस आहे, त्याच्याकडे नाही बघत.

"जोंगदे आला नाही गं अजून?"

"डोंगरावर आहे."

"धिरडी झाकलीस ना?"

"झाकलीत."

मग रोज तेच विचारतात, "आकडा जुळला का त्याचा?"

मी म्हणते, "नाही हो. एक माणूस मी सांगितला नव्हता."