सोमवारचा हात

तुमच्या अंगाला शेवटचा हात कोणी लावला, सांगा बरं? बसमधला धक्का धरायचा नाही. डॉक्टरने नाडी बघितली, तीही नाही. मुद्दाम तुमच्यासाठी म्हणून खांद्यावर ठेवलेला हात विचारतोय मी. लगेच आठवला असेल तर तुम्ही सुखी माणूस. आठवायला वेळ लागत असेल तर लाजू नका, तुमच्या रांगेत बरेच जण उभे आहेत. त्यातल्या एकाची ही हकीकत.

आमच्या रस्त्यावर एक सलून आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाक. चालवणाऱ्याला सगळे मौनी म्हणतात. केस कापणारा माणूस आणि तोंड बंद, हा चमत्कारच म्हणायचा. सुरुवातीला "किती ठेवू?" आणि शेवटी मानेमागे छोटा आरसा धरून "बघा." या दोन वाक्यांच्या मधे अर्धा तास नुसती कात्री बोलते. मला हे फार सोयीचं होतं. दिवसभर कचेऱ्यांच्या खिडक्यांवर भांडून आलेल्या माणसाला अजून एकाचं ऐकायचं नसतं. अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसलो. त्याच्या घरी कोण आहे हे मला माहीत नव्हतं. लोकांच्या हक्कांवर तासभर बोलू शकणारा मी, आणि ज्याच्या हातात दर आठवड्याला दाढीसाठी गळा देतो त्याला साधं "कसा आहेस?" विचारलं नाही.

मागच्या वर्षी त्याची खुर्ची खाली जायला लागली. म्हणजे तोच खाली घ्यायचा. पायाने दाबायची खुर्ची ती. पूर्वी बसलं की दोन-तीन दाब देऊन वर घ्यायचा. मग ते दाब बंद झाले. मग खुर्ची पार तळाला गेली आणि तो आमच्यावर वाकून काम करू लागला. वरून मानेला हलकेच ढकलायचा. आम्ही मान खाली घालायचो. आपला माणूस म्हातारा होतोय, सवयी बदलतात, असं आम्ही धरून चाललो. कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

एका गुरुवारी मी आरशात बघितलं आणि डोकंच फिरलं. बाजू बारीक, मागे बारीक, आणि मधोमध झुडूप तसंच.

"हे काय केलंस? अर्धंच भादरलंस की! उद्या मला सभेत बोलायचंय."

"नेते, मान अजून खाली करा."

"किती खाली? आता काय तुझ्या पाया पडू?"

तो थांबला. कात्री बशीत ठेवली. उजवा हात पुढून वर उचलायला लागला. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. त्यापुढे नुसता खांदा कानाकडे चढला. हात होता तिथेच.

"वर जात नाही," तो म्हणाला. "आठ महिने झाले."

मला कळायला एवढा वेळ लागला की इतके महिने आम्ही ज्याला त्याची पद्धत समजत होतो, ती पळवाट होती. हात वर जात नाही, तर डोकं खाली आणायचं. केस कापणाराच ही चूक करू जाणे. गवंड्याला भिंत खाली आणता येत नाही, त्याचं दुखणं पहिल्या दिवशी उघडं पडतं. याचं गिऱ्हाईक मुकाट मान वाकवत राहिलं आणि खांदा वर जायचंच विसरला.

सरकारी दवाखान्यात तो एकटा जाऊन आला होता, हे त्याच दिवशी कळलं. तिथे व्यायामाने सांधे मोकळे करण्याचा वेगळा विभाग आहे, फिजिओथेरपी. दोन महिने गेला, मग सोडून दिलं.

"का सोडलंस?"

तो फवारा उचलून आरशावर पाणी मारत बसला.

"तुला विचारतोय."

"उपयोग नाही झाला. मुलगी न्यायला येते म्हणते."

म्हणजे दुकान बंद. हात नाही चालला तर या माणसाने लेकीच्या घरी एका कोपऱ्यात पाहुण्यासारखं बसायचं, टीव्ही समोर, जेवण हातात. "तिकडे करू काय मी?" एवढंच म्हणाला. त्या चार शब्दांत मला त्याची भीती दिसली. माझं अर्धं डोकं तसंच ठेवून मी म्हटलं, "उद्या सकाळी तयार राहा. मी येतोय."

त्या विभागात एक मोठी खोली. खिडकीखाली चार पलंग, कोपऱ्यात चालायला शिकवणारे दोन समांतर दांडे, भिंतीला लाकडी शिडीसारखी पट्टी. त्या पट्टीवर बोटांनी एकेक पायरी चढायची. एक गवंडी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पाय दाबत होता आणि प्रत्येक दाबाला कोणालातरी शिव्या घालत होता. मधोमध विभागाच्या ताई. वय तिशीच्या आत, आवाज हवालदाराचा.

"आलात का काका! मला वाटलं बरे झालात."

मौनी जमिनीकडे बघत उभा. ताईंनी त्याला बसवलं आणि खांद्याला एक साधन लावलं. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पाय फुटलेत असं. हात कितपत वर जातो ते त्यावर अंशांत कळतं. सरळ वर गेला तर एकशेऐंशी. याचा अठ्ठ्याहत्तर.

"पहिल्या दिवशी ऐंशी होता," ताई म्हणाल्या. "घरी व्यायाम करत होता ना?"

"रोज."

"करून दाखवा."

तो भिंतीच्या पट्टीपाशी गेला आणि बोटं चढवू लागला. एक, दोन, तीन. दात आवळलेले, कपाळावर घाम. मला तर छान वाटलं, बोटं चढत होती. ताईंनी मागून येऊन त्याच्या खांद्यावर तळवा दाबला आणि बोटं जागच्या जागी थांबली.

"बघितलंत दादा? हा सांधा हलतच नाहीये. काका कंबर वाकवतात, खांदा उचलतात आणि वाटतं हात वर गेला. शरीर लबाड असतं. दुखतंय तिथून हलत नाही, शेजाऱ्याला पुढे करतं." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणून तर सांगितलं होतं काका, कोणीतरी पाठीचं पातं आणि खांदा दाबून धरायला हवा. मी काकूंना घेऊन या म्हटलं होतं शिकवायला. तुम्हीच म्हणालात, घरी बायको आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. बायको? अकरा वर्षांत मी दुकानात कधी डबा आलेला बघितला नव्हता.

"तुला बायको आहे?"

"आहे."

"घरी?"

आता तो भिंतीकडे बघत होता. बोटं अजून तिसऱ्या पायरीवरच.

"लेकीच्या बाळंतपणाला गेली," तो म्हणाला. "ते पोर आता चौथीत आहे."

गवंड्याच्या शिव्या थांबल्या. 

"भांडण नाही काही. फोन येतो. नातवंडात रमली." मग अख्ख्या जन्मात बोलला नसेल इतकं सलग बोलला, "ताई, तुम्ही कागद भरत होता. घरी कोण आहे विचारलं. मागे रांग होती. कोणी नाही असं सगळ्यांदेखत कसं म्हणायचं? बायको आहे म्हटलं. खोटं तर नाही ना? पुढच्या वेळी तुम्ही म्हणालात, आणा त्यांना. त्याच्या पुढच्या वेळी पण. मग मी यायचाच बंद झालो."

मला राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून मी ताईंवर काढला. "तुमचे हे व्यायाम काय भरल्या घरांसाठीच असतात का? एकटा माणूस असेल तर त्याने तसंच कुजायचं?"

"आवाज खाली," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे दिवसाला साठ माणसं येतात आणि मी एकटी आहे. आठवड्यातून दोनदा मी धरीन. पण रोजचं काम रोजच व्हायला हवं. एक दिवस सोडला की सांधा परत आखडतो." मग त्यांनी मौनीला विचारलं, "काका, घर सोडा. दुकानात कोण असतं?"

"गिऱ्हाईक."

"किती?"

"पंधरा-वीस. आता दहा."

"मग झालं की! लावा त्यांना कामाला."

मौनीचा चेहरा असा झाला, जणू ताईंनी त्याला भर रस्त्यात नाचायला सांगितलं. "गिऱ्हाइकाने मला हात लावायचा?"

"तुम्ही नाही का त्यांना लावत?"

ताईंनी मला तिथेच शिकवलं. एक तळवा खांद्याच्या माथ्यावर, दुसरा पाठीच्या पात्यावर. खाली दाबायचं, पण चेपायचं नाही. आधी गरम पाण्याचा शेक, मग वाकून हात लंबकासारखा सैल झुलवायचा, मग भिंत. दुखेल, पण सहन होईल इतकंच. ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, कळ आली तर थांबायचं. मी हात ठेवला आणि चरकलो. शर्टाखाली लाकूड असावं तसं अंग. हात पडल्यावर तो दचकला, अंग चोरलं, आणि हळूहळू सैल झाला. त्याला बराच वेळ लागला.

पहिला आठवडा तमाशाच झाला. आरशाच्या कडेला मी मार्करने वेळा लिहिल्या आणि त्यापुढे नावं. केस कापायचे तर आधी पाच मिनिटं मौनीचा खांदा धरायचा. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "म्हणजे मालिश मी करायची आणि पैसेही मीच द्यायचे?" कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काळे हात घेऊन आला, तर मौनीने त्याला साबण दिला. एक जण म्हणाला, "माझ्या बायकोला कळलं तर म्हणेल, घरी कधी खांदा दाबला नाहीस." सगळे हसले. मौनी हसला नाही, पण कान लाल झाले. हळूहळू सवय लागली. माणसं यायची, हात ठेवायची, रस्त्याकडे बघत उभी राहायची.  बघणाऱ्याला वाटावं, गाडी ढकलायला लावलेत.

महिनाभराने ब्याण्णव. तीन महिन्यांनी एकशे बारा. ताईंनी आधीच बजावलं होतं, हे दुखणं दीड-दोन वर्षंही चालतं, पूर्ण हात वर जाईल असं वचन मी देत नाही. पण खुर्ची दोन दाब वर आली. माझं डोकं एकदाचं पूर्ण कापलं गेलं. लेकीचा फोन आला तेव्हा मी बाकावरच होतो. "नको येऊस," तो म्हणाला. "कामं आहेत." फोन ठेवला आणि बराच वेळ कंगवा धूत राहिला.

आता अडचण ऐका. सोमवारी दुकान बंद असतं. दर मंगळवारी खांदा आखडलेला. ताई कोन मोजतात आणि मान हलवतात, "सोमवारी कोणी नव्हतं वाटतं." एका सोमवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. दोन जिने. दार लगेच उघडलं, जणू मागेच उभा असावा. आत एक पलंग, एक स्टूल, धुतलेली एक थाळी. पलंगाजवळच्या भिंतीवर बोटांचे मळकट डाग वर चढत गेलेले, खालून छातीच्या उंचीपर्यंत. दोन महिने तो इथे एकट्याने चढत होता आणि कुठेच पोचत नव्हता. मी पाच मिनिटं धरलं. तो "बसा" म्हणाला. स्टूल एकच, म्हणून तो पलंगावर बसला.  निघताना जिन्यात मागे वळलो तर तो दारातच होता. मी खालच्या वळणावर पोचलो तरी दार लागल्याचा आवाज आला नाही.

खोटं कशाला सांगू, मला प्रत्येक सोमवार जमत नाही. महिन्यातला पहिला सोमवार माझा. दुसरा पंक्चरवाल्याचा. तिसरा मास्तरांनी कुरकुरत घेतला. चौथ्यापुढे आरशावर जागा कोरी आहे. ज्यांना विचारलं त्या प्रत्येकाला त्या दिवशी काहीतरी असतं.

म्हणून हे लिहिलं. शिक्षण लागत नाही, मी सातवी नापास आहे, मला जमलं. बोलावंही लागणार नाही, तो बोलत नाहीच. एक हात खांद्यावर, एक पाठीच्या पात्यावर, पाच मिनिटं. चौथा सोमवार तुम्ही घ्या.