मोजणीवाले केळुसकर आणि गच्चीवरची टाकी

मालवणच्या मोजणी ऑफिसात मी रुजू झाले, त्या दिवशी मला पहिली ताकीद मिळाली ती एका खुर्चीवरून. दोन लाकडी कपाटांच्या समोर ती रिकामी होती, वर पंखा फिरत होता, म्हणून मी बसले. तेवढ्यात पांढऱ्या बुशशर्टातले एक सडपातळ गृहस्थ हातातला नकाशा टाकून लगबगीने आले.

"बाय, ती खुर्ची सोडून खंय पण बस. ती ऐकूची खुर्ची आसा."

मी उठले आणि खाली पाहिलं. खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर लाल रंगाच्या खुणा होत्या. दोन्ही कपाटांवर एकेक छोटा स्पीकर होता. या गृहस्थांनी मोजणीची फीत लावून दोन्हीपासूनचं अंतर काढलं होतं आणि आवाज जिथे सर्वांत नीट मिळतो, तिथे खुर्चीची हद्द कायम केली होती. हे आमचे केळुसकर भाऊ. हुद्द्याने भूकरमापक, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून देणारे. बाकीचा सगळा जीव इंडी बँडांच्या गाण्यात.

मी कोल्हापूरची. मला बँड म्हणजे वरातीतला एवढंच ठाऊक. "इंडी म्हणजे काय हो भाऊ?" असं मी एकदा विचारलं आणि त्या दिवशी माझं जेवण राहिलं. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता, स्वतःच गाणी लिहून, स्वतःच्या खोलीत गादी भिंतीला टेकवून आवाज टिपून घेणारी पोरं, असा त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मी म्हटलं, "पण मग सिनेमातली गाणी काय वाईट आहेत?"

"वायट कित्याक? पण त्येंका ऐकूक सगळो देश आसा गो. ह्येंका कोण आसा?"

जेवणाच्या सुट्टीत रोज एक आल्बम लागे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये बोलायचं नाही. त्या खुर्चीत ते स्वतः बसत किंवा कुणाला तरी बसवत. जुन्या मोजणी नकाशाचा उतारा न्यायला आलेली म्हातारी माणसंही तीत बसून गेली आहेत. गाणं संपलं की भाऊ त्यांना गंभीरपणे विचारायचे, "दुसरा कडवा कसा वाटला?" एखादी म्हातारी सांगायची, "बरा होता, पण माझो उतारो?"

आल्बम आवडला की ते त्या बँडला पत्र लिहीत. बोलताना अस्सल मालवणी असलेला हा माणूस कागदावर आला की पक्का सरकारी व्हायचा. एका पत्राचा मसुदा त्यांनी मला तपासायला दिला होता. "विषय : आपला आल्बम ऐकल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर आल्बम दिनांक तेरा रोजी समक्ष ऐकण्यात आला. एकूण गाणी नऊ. पैकी पाचवे गाणे विनाकारण लांबविल्याचे दिसून येते. उर्वरित गाणी समाधानकारक असून, आठव्या गाण्याच्या वेळी प्रस्तुत अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले, याची नोंद घ्यावी."

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. भाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "हसतंस कित्या? नोंद नको?"

वर्षातून दोनदा ते 'घरगुती कारणास्तव' रजा टाकत आणि पुण्याला, बंगळूरला, कधी गोव्याला संगीत महोत्सवाला जात. सोबत घडीचं स्टूल आणि कोकम सरबताची बाटली. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे अजिबात पटत नसे. "लग्नाच्या वरातीत कान झाकून घेणारो माणूस," त्या मला सांगायच्या, "नि थंय पोरांच्या धिंगाण्यात उभो रवता. माका तर त्येतला एक अक्षर कळणा नाय."

तर ते पत्र ज्या बँडला गेलं, त्या बँडचं नाव होतं 'गच्चीवरची टाकी'. पुण्याची चार पोरं. गाणारी मुलगी, एक ड्रमवाला, दोन गिटारवाले. त्यांना ते पत्र इतकं आवडलं की त्यांनी उलट कळवलं, "काका, तुम्ही सांगाल तिथे येऊन वाजवतो." भाऊंनी ते उत्तर दोन दिवस खिशात घालून फिरवलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाय, आमच्या गावाच्या सड्यार करूया."

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. गावाच्या डोक्यावर, समोर समुद्र. गाडी जाईल अशी सपाट जागा त्यावर एकच होती आणि ती बाबलो आणि सदो या दोन सख्ख्या भावांच्या वादातली. तिची मोजणी भाऊंनीच केली होती. हद्द बरोब्बर त्या सपाटीच्या मधून जात होती. थोरल्या बाबल्याच्या जमिनीवर स्टेज घातलं तर धाकटा कोर्टात जाणार, धाकट्याच्या घातलं तर थोरला. कुठल्याच बाजूने होकार मिळेना आणि पोरांची तिकिटं तर काढून झालेली.

भाऊ फीत घेऊन सड्यावर गेले आणि स्टेजची आखणी अशी केली की निम्मं स्टेज बाबल्याच्या हद्दीत, निम्मं सदोच्या. दोघं तिथेच उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. सदोने आखणी निरखली आणि गाणाऱ्या मुलीबद्दल विचारलं, "गाणारां चेडू खंय उभा रवतला?"

"हय," भाऊंनी बाबल्याची बाजू दाखवली.

"म्हणजे गाणारां चेडू त्येच्या वाट्याक, नि माका नुसतो ढोल?"

हे मात्र भाऊंच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी फीत गुंडाळली. मग म्हणाले, "मध्यंतरानंतर बाजू बदलूया. कबड्डीत बदलतत तशी." सदोने विचार केला आणि मान हलवली. बाबल्यानेही मान हलवली, पण समुद्राकडे बघत.

कार्यक्रम मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी चारला. मला धाकधूक होती की येणार कोण. पण आम्ही पोहोचलो तर सड्यावर निदान दीडशे माणूस. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. पंचायतीचे एक सदस्य हातात नारळ घेऊन उभे. भाऊंचा ऊर भरून आला. मला म्हणाले, "बघ, कान आसत गो आमच्या लोकांका."

मग एका बाईने पुढे होऊन विचारलं, "भावा, टाकी खंय बसवतले?"

उन्हाळ्यात त्या गावाला पाणी पुरत नाही. 'रविवारी सड्यावर गच्चीवरची टाकी येतली' एवढंच वाडीवाडीतून फिरलं होतं. लोक पाण्याच्या टाकीला आले होते. मला वाटलं आता संपलं. भाऊ पांढरेफटक पडले. खरं ते त्यांनी सांगून टाकलं, अगदी कार्यालयीन मराठीत, कारण घाबरले की ते तसं बोलत. "ग्रामस्थांना विनंती आहे की, सदर टाकी ही गाण्याची आहे." मग तीच बाई म्हणाली, "इलेले आसंव तर ऐकान जातंव. रे, सरकान बसा." आणि सगळे बसले. सदस्यांनी नारळ स्टेजपुढे फोडला.

भाऊ स्टेजकडे पाठ करून पावलं मोजत मागे गेले. थांबले, कान दिला, दोन पावलं डावीकडे सरकले. तिथे आवाज सर्वांत चांगला मिळत होता. ती जागा नेमकी हद्दीवर आली. तिथे त्यांनी शाळेतून आणलेलं बाक टाकलं आणि बाबल्याला एका टोकाला, सदोला दुसऱ्या टोकाला बसवलं. मध्ये स्वतः बसले.

पोरं सुरेख वाजवत होती. वारा समुद्रावरून येत होता आणि त्या मुलीचा आवाज वाऱ्याबरोबर अंगावर यायचा. सगळी गाणी शहरातली होती, भाड्याच्या खोल्यांची, चुकलेल्या बसची. वाडीतल्या बायका मात्र गालावर हात ठेवून ऐकत होत्या. मध्यंतरात बाजू बदलायची वेळ आली, तेव्हा ड्रम उचलायला बाबलो उठला. त्याला एकट्याला पेलेना. सदो थोडा वेळ बघत राहिला, मग जाऊन त्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी न बोलता ड्रम हद्दीपलीकडे नेऊन ठेवला.

समेट वगैरे झाला नाही. पंधरा दिवसांत दोघांचे फेरमोजणीचे दोन वेगवेगळे अर्ज आमच्याकडे आले. पण दोघांनीही अर्ज देताना, दुसरा ऐकत नाही ना हे बघून, भाऊंना एकच विचारलं, "परत कधी येतली ती पोरां?"

दोन वर्षांनी भाऊ निवृत्त झाले. वहिनींच्या गुडघ्यांवर उपचार करायचे होते म्हणून दोघं मुलीकडे पनवेलला निघाली. मी कुडाळ स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडीला अजून वेळ होता. भाऊंनी सामानाचे नग दोनदा मोजले. मग अचानक म्हणाले, "बाय, इतकी वर्षा तुका माझाच ऐकवत रवलंय. तुका काय आवडता, ता कधी इचारूकच नाय."

मी आठवून पाहिलं. घरात सासऱ्यांची भजनं, मुलाची सिनेमाची गाणी, ऑफिसात भाऊंचे आल्बम. माझं असं काहीच नव्हतं. मी हसून म्हटलं, "मला सगळंच आवडतं." भाऊ हसले नाहीत.

"सगळा आवडता म्हणजे काय गावला नाय तुका अजून. शोध."

त्यानंतर दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "गावला?" मी म्हणायची, "नाही हो." "शोध, शोध. घाई नाय." मग पाच मिनिटं पनवेलच्या डासांबद्दल बोलून फोन बंद. चिडवायला म्हणून करतात असं मला वाटे. पण मी शोधायला लागले होते. भांडी घासताना, सुट्टीच्या दुपारी, कुठलं तरी अनोळखी गाणं लावायचं, नाही पटलं की दुसरं.

गेल्या श्रावणात भाऊ गेले. हृदयविकाराचा झटका. सकाळी चहा घेताना. रविवारी फोन आला नाही, तेव्हा मला ते खरं वाटलं.

आणि महिन्याभराने मला गावलं. कुणी एक मुलगी, नुसत्या पेटीवर गाते. आजोळच्या विहिरीवरचं गाणं आहे. तिचं नाव कुणी ऐकलेलं नाही. मी साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले. गाणं संपलं तेव्हा नळ वाहत होता. रविवार होता. माझा हात फोनकडे गेला, आणि मग थांबला. कुणाला सांगणार?

मी वहिनींना फोन लावला. म्हटलं, "वहिनी, भाऊ विचारायचे ना मला... ते गावलं."

मला वाटलं, त्यांना काही कळलंच नसेल. पलीकडून भांड्याचा आवाज आला, मग पावलांचा.

"थांब गो," वहिनी म्हणाल्या, "कुकर बंद करतंय. हां. आता लाव. पयल्यापासून."