खुब्याचा व्यायाम आन् अख्खा गाव

माणूस जन्मभर लंगडला तरी गावात कुणी मान वळवून बगत न्हाई. पर त्यानं व्यायाम चालू केला की झालं! रोज एक किस्सा. माझ्याकडं तर इतके साठलेत की म्या हाटेलात शिरलो की लोकं आधी चहा सांगत्यात, मग खुर्ची सरकवत्यात.

माझा डावा खुबा जन्मापासूनच खोबणीत नीट बसलेला न्हाई. तसाच उभी हयात शेळ्यामागं हिंडलो. आवंदा दुखणं लई वाढलं. पोरगा उत्तम म्हणला, "आबा, शेळ्या इकतो आता."

म्या म्हणलो, "आधी मला इक!"

शेवटी केजच्या व्यायामवाल्या मॅडमकडं गेलतो. ती म्हणली, "आबा, उड्या न्हाई, पळणं न्हाई, मांडी न्हाई, उकिडवं बसणं न्हाई. सांगते तेवढंच हळूहळू करा, दुखलं की थांबा. शेळ्यामागं फिरताल."

उत्तम म्हणला, "बगू!"

०००

पैला व्यायाम असा, की कुशीवर पडायचं आन् वरला पाय सरळ उचलायचा. म्या माळावर घोंगडं टाकून चालू केलं. रस्त्यानं काळीपिवळी जीप चालली होती, ती करकचून थांबली.

"म्हाताऱ्याला फिट आली बे!"

एकानं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. म्या गुमान पाय उचलीत ऱ्हायलो. त्यो वरडला, "दुसऱ्याची आना रे! माझीचा गुण येईना!"

०००

मग मॅडमनं उताणं पडून, गुडघं वाकवून कंबर उचलायला सांगितलं. आता शेळीच्या जातीला उंचवटा दिसला की चढायचंच असतंय. कंबर वर गेली की बोकड पोटावर! म्या पडल्या पडल्याच मॅडमला फोन लावला.

"मॅडम, खाली येता येईना."

"का बरं?"

"वर बोकड हाय."

मॅडम लई तापली. "आबा, वजन लावायचं कुणी सांगितलं तुमाला?"

"म्या न्हाई लावलं, त्यो सवताच चढलाय!"

पायाला बांधायला तिनं एक रबरी पट्टाबी दिलता. पुढच्या खेपंला इचारलं, "पट्टा कुठाय?"

म्हणलं, "शेळीत."

०००

"छातीइतक्या पाण्यात चाला, खुब्यावर भार येत न्हाई. पर एकटं जाऊ नका," मॅडम म्हणली. म्हणून भावकीतला दगडू संगं घेतला आन् गावतळ्याच्या कडंकडंनं फेऱ्या मारू लागलो.

काठावरून एकानं हाळी दिली, "आबा, काय हरवलं?"

म्या बोट व्हटावर ठेवलं. "कुणाला सांगू नको."

झालं! दुपारपस्तोर आर्धा गाव पाण्यात, पायानं चिखल चाचपतोय. बगतो तर दगडूबी त्यांच्यात! त्याला तर सगळं ठावं होतं!

"दगड्या, तू काय हुडकतो बे?"

"सापडल्यावर कळंल की!"

०००

आता म्या काठीबिगर माळ चढतो. खुबा सुधरला, पर उत्तमचं डोकं काय सुधरंना. त्या दिवशी शेजारच्या गावात लगीन होतं. उत्तमनं तिथंच परळीचा शेळ्याचा व्यापारी बोलवून घेतलता. सौदा मांडवातच उरकायचा!

समदे खाली मांडी घालून बसलेले. मला मांडीला मनाई. पुढं एक खुर्ची मोकळी दिसली, टेकलो. आता आमच्याकडं लग्नात पुढल्या खुर्चीवर बसला त्यो पुढारीच! अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, आजून काय पायजे? माइकवाला पळत आला, नाव इचारलं. म्या म्हणलो, "आबा."

"आदरणीय आबासाहेबांचा शाल, श्रीफळ, फेटा देऊन सत्कार! आता साहेब आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील!"

नवरदेव घामाघूम, मुहूर्त टळायला आला. म्या माइक धरला. समोर उत्तम डोळं वटारून बगतोय.

"मंडळी, नवरानवरीला आशीर्वाद! आन् ह्या मांडवात आपले उत्तमराव बसलेत. त्यांनी शब्द दिलाय, बापाचं पाय चालत्यात तवर बापाच्या शेळ्या इकणार न्हाई! आसा पोरगा उभ्या तालुक्यात न्हाई! वाजवा टाळ्या! करा त्यांचाबी सत्कार!"

मांडव दणाणला. उत्तमच्या अंगावर शाल पडली. उभं ऱ्हाऊन चौफेर हात जोडावं लागलं त्याला. सगळ्यात जोरात टाळ्या व्यापारी वाजवीत होता. वाजवता वाजवता त्यो उत्तमच्या कानाला लागला, "उत्तमराव, कोन साहेब हाईत हे?"

उत्तम दात खात म्हणला, "बाप हाय माझा!"